मुदतीचे कलम आधी शोध

प्रिय मित्रा,

सुरक्षेच्या विधेयकावर शंका काढली तर देशविरोधी ठरवतील आणि गप्प बसलो तर मन खाईल, असे तू लिहितोस. नव्या खासदाराची ही कोंडी होतेच. पण तीतून सुटण्यासाठी भाषणाला धार लावत बसू नकोस. विधेयक हाती आले की आधी एकच गोष्ट शोध: हा अधिकार किती काळासाठी दिला आहे आणि तो संसदेपुढे पुन्हा कधी येणार?

टाडा हा दहशतवादविरोधी कायदा 1985 मध्ये आला तोच दोन वर्षांच्या मुदतीने. पुढे मुदती वाढत गेल्या, हे खरे. पण प्रत्येक वाढीसाठी सरकारला सभागृहात यावे लागले आणि 1995 मध्ये वाढ न मिळाल्याने तो कायदा संपला. त्यानंतरच्या पोटा या दहशतवादविरोधी कायद्याला तीन वर्षांची मुदत होती. 2004 मध्ये तो रद्द झाला, तेव्हा त्यातल्या दहशतवादविषयक बऱ्याच तरतुदी 1967 च्या यूएपीए म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात उतरल्या, मुदत तेवढी उतरली नाही. माझा सारा राग या एका गोष्टीवर आहे.

मुंबईवरील हल्ल्यानंतर डिसेंबर 2008 मध्ये यूएपीएची दुरुस्ती काही दिवसांतच दोन्ही सभागृहांत मंजूर झाली. न्यायालयाच्या परवानगीने आरोपपत्राविना 180 दिवसांपर्यंत कोठडी आणि जामिनावरची कडक अट त्यातूनच आली. त्या दिवसांतला संताप मीही अनुभवला आहे, म्हणून घाईला मी दोष देत नाही. परंतु घाईत केलेल्या कायद्याला तर मुदत हवीच हवी. हे मी इतक्यांदा म्हटले की लोक मला हेकट म्हणू लागले. म्हणोत. ज्याला मुदतच नाही अशा कायद्याचा हिशेब मागण्याचा दिवस उगवत नाही, आणि तो उगवावा यासाठी झगडणाऱ्याला देशाची काळजी कमी असते, हे मला कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

पक्षादेशाची सबब मला सांगू नकोस. संविधानाचे दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी, तुझे मत बांधते, तुझा प्रश्न बांधत नाही. विधेयक गृहविषयक स्थायी समितीकडे गेले, तर तिथल्या बंद दाराआडच्या चर्चेत मुदतीची सूचना मांड आणि ती अमान्य झाली तर भिन्नमतपत्रिका जोड. समितीकडे गेलेच नाही, तर सभागृहात दुरुस्तीची सूचना दे. ती आवाजी मतदानाने पडेल. माझ्याही पडल्या, आणि त्याची खंत अजून जात नाही. तरी ती कार्यवाहीत नोंदली जाते आणि पुढच्या सदस्याला तिचा आधार मिळतो.

आणि प्रश्न विचारताना जपून विचार. देशभरातल्या अटकांचा आकडा मागितलास, तर पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे, असे सांगून तुला वाटेला लावतील. राष्ट्रीय तपास यंत्रणा केंद्राची आहे. तिच्याकडच्या खटल्यांपुरता तारांकित प्रश्न दे, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते. किती आरोपपत्रे, किती निकाल, किती जण अजून खटल्याविना आत, एवढेच माग आणि उत्तर अपुरे आले तर पुरवणी प्रश्न हाताशी तयार ठेव.

तुझा,
एक माजी सदस्य