शिलाई मशीन नसताना चामड्याची डिझायनर हँडबॅग घरी हाताने शिवता येईल का?

होय, नक्की येईल. वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले, १.५ ते २ मिलिमीटर जाडीचे चामडे घ्यावे आणि ते कापण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना जुळवून पाहावा. आरीने ३ ते ४ मिलिमीटर अंतरावर भोके पाडून, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवाव्यात आणि प्रत्येक भोकातून त्या दोन्ही बाजूंनी काढाव्यात. अशी शिवण एका ठिकाणी दोरा तुटला तरी सहसा उसवत नाही, म्हणून माझ्या मते ती मशीनपेक्षा सरस आहे. कडा पॉलिश पेपरने घासून, किंचित ओलावून, गुळगुळीत लाकडाने चकाकी येईपर्यंत घोटाव्यात. बॅगेचा खरा डौल इथेच दिसतो. आपल्या सोलापुरी चादरीचा तुकडा पुढच्या खिशाला शोभेल, अस्तराला मात्र ती जाड पडते.