निवडणूक आली की आईची झोप उडते, काय करू?

हा प्रश्न प्रचाराच्या दिवसांत हमखास येतो, विचारणारी बहुतेक वेळा मुलगी नाहीतर सून. 2024 च्या विधानसभेच्या वेळची एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काकू साठीच्या पुढच्या, रिटायर्ड शिक्षिका, एकट्या राहायच्या. रात्री उठून उठून दाराची कडी बघायच्या, छातीत धडधड, ईसीजी नॉर्मल. झोपायच्या आधी काय करता विचारलं तर म्हणे "काही नाही गं, जरा मोबाईल बघते." मोबाईलमध्ये सोसायटीचा ग्रुप, भिशीचा, माहेरचा, आणि सगळीकडे तेच, 'बटेंगे तो कटेंगे', खाली कुठल्यातरी दंगलीचा व्हिडिओ, ना गाव ना तारीख. भाच्याकडून उलटं, लोकसभेपासून चाललेलं 'संविधान बदलणार, आरक्षण जाणार'. वर कामाला येणाऱ्या मावशी सांगणार की सरकार बदललं तर लाडक्या बहिणीचे 1500 बंद! काकूंना ती योजना लागूच नव्हती, पण टेन्शन सगळ्यांचं.

मुलगी प्रत्येक मेसेजखाली फॅक्ट चेकची लिंक टाकायची. त्याने भांडणं वाढली, भीती होती तिथेच. घाबरलेल्या माणसाला त्यात 'तुला काही कळत नाही' एवढंच ऐकू येतं, म्हणून ते आधी थांबवायला सांगितलं.

मी सेशनमध्ये पक्षावर बोलत नाही आणि भीती खोटी आहे असंही म्हणत नाही, कधी कधी तिला खरा आधार असतोही. मी एवढंच विचारलं, "काकू, हा मेसेज तुम्हाला नक्की काय करायला सांगतोय?" थोडं थांबून म्हणाल्या, "मतदान." "ते तर 20 तारखेला करणारच ना?" "म्हणजे काय, आजवर एकदाही चुकवलं नाही." "मग रात्री दोन वाजता कडी बघून त्यात काय भर पडते?" तेव्हा हसल्या पहिल्यांदा.

मग त्यांना 1964 ची अमेरिकेतली जाहिरात सांगितली (शिकवायची सवय, त्यामुळे असलं काही निघालं की त्या खुलायच्या). तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या प्रचाराची, लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या मोजतेय आणि एकदम अणुस्फोट. विरोधातल्या गोल्डवॉटरचं त्यात नावसुद्धा नाही. काकू पटकन म्हणाल्या, "म्हणजे इथेही कोण कापणार ते लिहिलेलं नाहीच की, ते मीच मनात भरलं."

तिथून काम सोपं झालं. व्हिडिओचं ऑटो डाउनलोड बंद, रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, आणि मेसेज आला की वहीत लिहायचं, कुठलं गाव, कधीचं, आणि आज आपल्या गल्लीत काय झालं. तिसऱ्या रकान्यात बहुतेक 'पाणी उशिरा आलं' असलंच काहीतरी असायचं.

23 नोव्हेंबरला निकाल लागला आणि ग्रुप चिडीचूप. काकूंना त्याचाच राग आला, एवढं संकट होतं तर गेलं कुठे! पण कडी बघणं डिसेंबरातही चालूच होतं. हे घरच्यांनी लक्षात घ्या, प्रचार संपला म्हणून धडधड लगेच थांबत नाही, शरीराला वेळ लागतो. संध्याकाळचं फिरणं, श्वासाचे व्यायाम, आणि मुलीने रात्री फोन करून राजकारण सोडून गप्पा मारणं, यावर हळूहळू कमी झालं.

तुमच्याकडे दोन आठवड्यांच्या वर झोप नसेल किंवा जेवण तुटलं असेल तर निवडणुकीवर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.