वाचकांचे प्रश्न : किरणोत्सारी राख आणि थायरॉइड

प्रश्न : मार्शल बेटांवर १९५४ मध्ये अणुचाचणीची राख पडली. अंगावरचे चट्टे भरले, गळालेले केस परत आले, असं वाचलं. मग त्या लोकांच्या तपासण्या वर्षानुवर्षं कशासाठी चालल्या?
– नर्सिंगची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : कातडी भाजली की लगेच दिसतं. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं तसं नाही. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने मार्शल बेटांपैकी बिकिनीवर १५ मेगाटनची ‘ब्राव्हो’ चाचणी केली. राख पडलेल्या रोंगेलॅप बेटावरच्या लोकांना तिथून हलवायला दोन दिवसांहून अधिक वेळ लागला. तोवर राख पिण्याच्या पाण्यात, उघड्यावरच्या अन्नात मिसळत राहिली आणि तिच्यातलं किरणोत्सारी आयोडीन पोटात जाऊन थायरॉइडमध्ये साठलं. मुलांची ग्रंथी लहान, म्हणून तेवढ्याच आयोडीनचा मारा तिथे कितीतरी जास्त बसतो. गाठी सापडल्या १९६३ मध्ये, नऊ वर्षांनी. चाचणीच्या वेळी दहा वर्षांखाली असलेल्या रोंगेलॅपच्या बहुतेक मुलांना पुढे थायरॉइडचा विकार जडला.

नर्सिंग शिकणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. तिथल्या दोन मुलांची वाढ खुंटली होती, तरी थायरॉइड हार्मोनची कमतरता हे कारण लवकर सापडलं नाही. त्या काळी रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं आयोडीन मोजून हार्मोनचा अंदाज बांधत. या लोकांच्या रक्तात हार्मोन नसलेली आयोडीनयुक्त प्रथिनंच जास्त होती, त्यामुळे आकडा नॉर्मल येई. मूल उंचीत मागे पडत असेल तर रिपोर्ट चांगला आहे म्हणून थांबू नका. १९६५ पासून रोंगेलॅपच्या लोकांना थायरॉइड हार्मोन देणं सुरू झालं.

प्रश्न : अशा रुग्णाला जन्मभर गोळी देताना कुठे चुकतं?
– तीच वाचक

उत्तर : बहुतेकदा वेळेत. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड हार्मोनची गोळी, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायचं आणि चहा, नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी, नाहीतर औषध आतड्यातच अडकतं. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही रक्ततपासणी; हार्मोन कमी पडला की तिचा आकडा चढतो. त्याआधीचा आकडा फसवतो. गरोदरपण कळताच डॉक्टरांना सांगावं, डोस बहुधा वाढवावा लागतो.

आपल्याकडचा मे महिना या गोळीला सोसत नाही. उष्णता, उजेड आणि दमट हवा लागली की तिची ताकद घटते. पारा ४५ च्या पुढे असताना ती गाडीत, खिडकीत किंवा गॅसजवळ ठेवू नका. मूळ बाटलीत, झाकण घट्ट लावून, घरातल्या सर्वांत थंड कोरड्या कपाटात ठेवा. मात्रा तीच असूनही उन्हाळ्यात टीएसएच चढला तर गोळी कुठे ठेवली होती हे आधी विचारा.

थायरॉइड ग्रंथी काढलेल्या रुग्णाच्या ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर त्याच दिवशी कॅल्शियम तपासा. शेजारच्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रियेत दुखावल्या असू शकतात.

प्रश्न : किरणोत्साराची भीती असेल तेव्हा आयोडीनयुक्त मीठ जास्त खाल्लं तर चालेल का?
– एक गृहिणी, धरमपेठ

उत्तर : अजिबात नाही. थायरॉइड साध्या आयोडीनने भरून किरणोत्सारी आयोडीन अडवायला मोठ्या माणसाला पोटॅशियम आयोडाइडची १३० मिलिग्रॅमची गोळी लागते, म्हणजे सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन. किलोमागे १५ मिलिग्रॅम आयोडीन असलेलं मीठ त्यासाठी साडेसहा किलोंहून जास्त खावं लागेल. त्याआधीच जीव जाईल. ही गोळीसुद्धा प्रशासनाने सांगितल्यावरच घ्यायची, संपर्काच्या थोडं आधी किंवा पहिल्या काही तासांत. आयोडीन सोडून दुसऱ्या कोणत्याही किरणोत्सारी पदार्थाला ती अडवत नाही.