‘अडकित्ता’ खरोखरच ‘अडकणे’पासून आला का?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांनी पत्राने दोन शंका विचारल्या आहेत. ‘अडकित्ता’ हा शब्द ‘अडकणे’ या क्रियापदापासून झाला अशी त्यांची समजूत आहे, तर त्यांचे एक कन्नडभाषक स्नेही तो शब्द कन्नडच असल्याचे ठामपणे सांगतात. अशा वादाचा निकाल भाषाशास्त्रज्ञ कोणत्या आधारावर लावतात, ही पहिली शंका. ‘काय करायलास?’ (काय करतो आहेस?), ‘जेवायलोय’ (जेवतो आहे) ही आपल्या भागातील रूपे कन्नडच्या संगतीने बिघडलेली मराठी आहे का, ही दुसरी.

पहिल्या प्रश्नात स्नेह्यांचे म्हणणे बरोबर आहे. ‘अडकणे’ची व्युत्पत्ती पटते याचे कारण उघड आहे: सुपारी दोन पात्यांच्या मध्ये अडकते, आणि ‘अडकित्त्यात सापडणे’ हा वाक्प्रचारही त्या समजुतीला दुजोरा देतो. परंतु अर्थ जुळणे हा व्युत्पत्तीचा सर्वांत कच्चा पुरावा असतो, कारण पुरेशी कल्पकता असली की कोणत्याही दोन शब्दांचा अर्थ जुळवता येतो. म्हणून भाषाशास्त्रज्ञ आधी शब्दाची घडण तपासतात. ‘अडक’ हा धातू मानला तर उरलेला ‘-इत्ता’ हा प्रत्यय ठरतो, आणि प्रत्यय म्हटला की तो इतर धातूंनाही लागलेला दिसला पाहिजे. मराठीत उपकरणाची नावे करण्याची पद्धत ठरलेली आहे: चाळणे–चाळणी, गाळणे–गाळणी, किसणे–किसणी, लाटणे–लाटणे. धातूला ‘-इत्ता’ लावून साधनाचे नाव झाल्याचे दुसरे उदाहरण मराठीत सापडत नाही. एकाच शब्दापुरता जन्मलेला प्रत्यय हा बहुधा प्रत्यय नसून आपल्या तर्कातून उरलेली शिल्लक असते.

कन्नडमध्ये मात्र हा शब्द सरळ उकलतो. ‘अडके’ किंवा ‘अडिके’ म्हणजे सुपारी. ‘कत्ती’ म्हणजे सुरी, ‘कत्तरी’ म्हणजे कात्री. या सामासिक शब्दाची ‘अडकत्तरी’, ‘अडकोत्तु’ अशी रूपे कन्नडमध्ये आहेत, आणि लागोपाठ आलेल्या दोन ‘क’कारांपैकी एक गळणे ही समासात नेहमी घडणारी गोष्ट आहे. शिवाय ‘अडके’ला सख्खे नातलग आहेत. मलयाळममध्ये सुपारीला ‘अडय्क्का’ म्हणतात, आणि तोच शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून ‘अरेका’ होऊन युरोपात गेला. तेलुगूचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे: तेथे अडकित्त्याला ‘अडकत्तेर’ म्हणतात, पण सुपारीला ‘वक्क’ किंवा ‘पोक’. म्हणजे तेलुगूतही, मराठीप्रमाणेच, हत्याराचे नाव आहे आणि त्याच्या पोटातली सुपारी ओळखू येत नाही. एखादा शब्द एका भाषेत अर्थपूर्ण तुकड्यांत सुटतो आणि दुसरीत अखंड, न फुटणारा राहतो, तेव्हा तो पहिलीतून दुसरीत गेला असे मानण्यास भक्कम आधार मिळतो. ‘कत्ती’ किंवा ‘कोत्तु’चे ‘कित्ता’ होणे मात्र कोणत्याही ध्वनिनियमात, म्हणजे उच्चार बदलण्याच्या ठरावीक पद्धतीत, नीट बसत नाही, हेही नोंदवले पाहिजे. वस्तूबरोबर बाजारातून आलेल्या शब्दांचे स्वर असे ओढले-ताणले जातात, आणि घडणीचा पुरावा इतका स्पष्ट असताना तेवढ्या एका स्वरासाठी निकाल फिरवण्याची गरज नाही.

ध्वनिनियम कोठे निर्णायक ठरतो ते ‘तूप’ या शब्दात पाहावे. कन्नडमध्ये ‘तुप्प’ आहे, म्हणून ‘तूप’ही शेजाऱ्यांकडून घेतले असे सीमाभागात सर्रास सांगितले जाते. पण ‘तुप्प’ हा शब्द प्राकृतातही आढळतो. प्राकृतातून मराठी होताना जोडव्यंजन एकेरी झाले आणि त्याची भरपाई म्हणून मागचा स्वर दीर्घ झाला: हत्थ–हात, सप्प–साप, कम्म–काम, दुद्ध–दूध. ‘तुप्प–तूप’ याच रांगेत बसते. याचा अर्थ, हा बदल घडत होता तेव्हा हा शब्द मराठीच्या घरात आधीच होता. प्राकृताला तो द्राविडी भाषांकडून मिळाला असणे शक्य आहे, आणि अनेक अभ्यासकांचा कल तसाच आहे. परंतु तो प्रश्न प्राकृताच्या काळाचा आहे, बेळगावच्या आजच्या शेजाराचा नव्हे. उलट ‘अडकित्ता’तील ‘त्त’ तसाच राहिला, कारण तो शब्द ही लाट ओसरल्यावर आला असावा. हीच कसोटी ‘अण्णा’, ‘अक्का’, ‘अप्पा’ यांना लावण्याचा मोह होईल, पण तो टाळावा. लहान मुलांच्या तोंडच्या आणि हाक मारण्याच्या शब्दांत द्वित्त, म्हणजे जोडव्यंजन, टिकून राहते, आणि अशा शब्दांवरून काळ ठरवणे धोक्याचे असते.

पत्रलेखकांच्याच तालुक्यातील हलशी हे गाव या दृष्टीने फार मोलाचे आहे. आरंभीच्या कदंब राजांच्या ताम्रपटांत या गावाचे नाव ‘पलाशिका’ असे येते. जुन्या कन्नडमधील शब्दारंभीच्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला. दहाव्या शतकाच्या सुमारास दिसू लागलेला हा बदल नंतरच्या काही शतकांत पसरला. ‘पाल्’चे ‘हालु’ म्हणजे दूध, ‘पुलि’चे ‘हुलि’ म्हणजे वाघ, ‘पळ्ळि’चे ‘हळ्ळि’ म्हणजे खेडे. ‘पलाशिका’चे ‘हलशी’ याच वाटेने झाले. मराठीत असा बदल झालाच नाही, म्हणून संस्कृत ‘पलाश’ मराठीत ‘पळस’ राहिला. परिणामी खानापूरचा मराठी माणूस झाडाला ‘प’ने हाक मारतो आणि गावाला ‘ह’ने, आणि दोन्ही उच्चार आपापल्या भाषेच्या नियमाला धरून आहेत. येथेही एक सावधगिरी हवी. ताम्रपट लिहिणारे स्थानिक नावांना संस्कृत वेष चढवत असत. तेव्हा मूळ नाव पळसावरूनच होते की लेखनिकाने ते पळसाकडे वळवले, हे केवळ त्या एका रूपावरून ठरत नाही. ‘प’चा ‘ह’ झाला एवढे मात्र दोन्ही पक्षी खरे.

देवघेव एकाच दिशेने झाली असेही नाही. उत्तर कर्नाटकातील कन्नडमध्ये वेतनाला ‘पगार’ म्हणतात. हा शब्द मूळचा पोर्तुगीज, आणि किनाऱ्यावरून वर येताना तो मराठी-कोकणीच्या हातून गेला असावा. (शब्दाचे मूळ सांगितल्याने गावाचा सातबारा बदलत नाही, हे आपल्या भागात मुद्दाम सांगावे लागते.)

आता दुसरी शंका. ‘जेवायलोय’ या रूपात ‘जेव’ हा धातू, ‘-आयला’ हा मराठीचाच प्रत्यय आणि शेवटी ‘आहे’चा अवशेष आहे, मध्ये ‘लागणे’ची रूपे झिजून मिसळली असावीत, कारण मराठवाड्यात याच अर्थी ‘करूलालोय’ असे रूप चालते आणि त्याच्यामागे ‘करू लागलो’ स्पष्ट दिसते. रूपाचा एकही तुकडा कन्नड नाही. तरीही पत्रलेखकांचा कान चुकीचे सांगत नाही. धारवाड-बेळगावकडील कन्नडमध्ये ‘मी करतो आहे’ याला ‘माडाकत्तीनि’ म्हणतात, आणि त्यात ‘माडु’ म्हणजे करणे या धातूच्या रूपाला ‘हत्तु’ हे क्रियापद जोडलेले आहे. ‘हत्तु’ म्हणजे चिकटणे, लागणे. ‘बेंकि हत्तितु’ म्हणजे ‘आग लागली’. आग लागणे आणि करायला लागणे या दोन अर्थांची एकाच क्रियापदात पडलेली गाठ दोन्हीकडे सारखीच आहे, जरी ‘हत्तु’चा ‘चढणे’ हा अर्थ ‘लागणे’ला नाही. शब्द उसना न घेता रचना आणि अर्थाची विभागणी जुळत जाते, हे जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी 1971 साली सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या अभ्यासात दाखवले होते: तेथील कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणाऱ्यांचे शब्द वेगवेगळे राहिले, पण वाक्यांची घडण इतकी जवळ आली की एका भाषेतील वाक्य शब्दास शब्द ठेवून दुसरीत नेता येत असे.

मात्र ‘जेवायलोय’च्या बाबतीत कोणी कोणाचे घेतले, हे या साम्यावरून सांगता येत नाही. हिंदीतही ‘आग लगना’ आणि ‘करने लगना’ आहेच, आणि अशी मराठी रूपे बेळगाव-धारवाडपासून दूर, लातूर-नांदेडकडेही ऐकू येतात. त्यामुळे शेजारच्या कन्नडने या रूपाला आपल्याकडे बळ दिले असेल इतपत म्हणता येईल. ते कन्नडने घडवले किंवा बिघडवले असे म्हणण्यास आधार नाही.