बाजारातून आणलेली द्राक्षं न धुता खाल्ली तर चालतात का? त्यावरचा पांढरा थर म्हणजे औषध असतं का?

नाही, न धुता खाऊ नका. आणि तो पांढरा थर बहुतेक वेळा औषध नसतो. ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही लिहिलंय की सासूबाई द्राक्षं मिठाच्या पाण्यात तासभर भिजत घालतात, मिस्टर म्हणतात नळाखाली धरली की झालं, आणि मुलगी तीन वर्षांची असल्यामुळे तुम्हाला दोन्हींची खात्री वाटत नाही. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. फवारणीच्या टाकीत काय पडतं आणि कधी पडतं हे रोज बघतो, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर देणं मला माझं कामच वाटतं.

आधी पांढऱ्या थराबद्दल. द्राक्षाची साल स्वतःच मेणासारखा एक पातळ थर तयार करते. त्यामुळे मण्यातलं पाणी उडून जात नाही आणि वरून पडलेला पाण्याचा थेंब सालीवर टिकत नाही. हा थर सगळ्या मण्यांवर सारखा, धुरकट दिसतो, बोट फिरवलं की पुसला जातो आणि खालून चकचकीत साल दिसते. पोटात गेला तरी काही होत नाही. उलट थर शाबूत असलेला घड म्हणजे कमी हाताळलेला घड. व्यापारी बागेत येतो तेव्हा तो हेच बघतो, आणि तोडणीला आलेल्या बायका म्हणूनच मण्यांना हात न लावता घड देठाला धरून कापतात.

औषधाचा डाग वेगळा ओळखू येतो. फवारणीचा थेंब मण्यावरून ओघळून खालच्या टोकाला थांबतो आणि तिथेच सुकतो, म्हणून मण्याच्या बुडाशी गोल कडा असलेला खडूसारखा ठिपका दिसतो. देठापाशी किंवा घडाच्या दांडीवर निळसर झाक असेल तर ते बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. बोर्डो आणि गंधक ही दोन्ही सेंद्रिय शेतीतही चालतात. त्यामुळे पाकिटावर ‘सेंद्रिय’ लिहिलंय म्हणून धुण्यातून सुटका नाही.

आता खरा मुद्दा. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणी झाली की पहिले पन्नास-साठ दिवस डाऊनीचे, म्हणजे केवडा या बुरशीच्या रोगाचे. या काळात ढगाळ हवा आली, पाऊस झाला, नुसतं दाट धुकं पडलं तरी शेतकऱ्याची झोप उडते, कारण दोन-तीन दिवसांत अख्खी बाग जाऊ शकते. सगळ्यात जास्त फवारण्या तेव्हा होतात. मणी ज्वारीएवढे, बाजरीएवढे असतात किंवा घड अजून फुलोऱ्यात असतो. पुढे भुरी हा दुसरा बुरशीचा रोग, मग मिलीबग, म्हणजे पांढरी पिठासारखी दिसणारी कीड. साखर भरायला लागली की फवारण्या कमी होत जातात, आणि तोडणीच्या आधी त्या थांबवाव्याच लागतात. प्रत्येक औषधाला फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस जायला हवेत ते ठरलेलं आहे. आम्ही त्याला पीएचआय म्हणतो. कुणाला आठ-दहा दिवस, कुणाला पन्नास-साठ. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी असते, निर्यातवाले शेतकरी तिला ‘अ‍ॅनेक्शर फाईव्ह’ म्हणतात, आणि तिच्यात औषधापुढे हे दिवस छापलेले असतात. मध्ये गेलेल्या दिवसांत ऊन, वारा आणि वेल स्वतः त्या औषधाचं विघटन करतात. हे काम नळाच्या पाण्याला जमत नाही.

असं म्हणण्याचं कारण आहे. औषधं ढोबळमानाने दोन प्रकारची. स्पर्शजन्य औषध सालीवर बसून राहतं. आंतरप्रवाही औषध पानातून, सालीतून आत शिरतं आणि वेलीच्या रसाबरोबर फिरतं. पहिलं धुतल्यावर बऱ्यापैकी निघतं. दुसरं आत गेलं की तुम्ही मीठ घाला, सोडा घाला, व्हिनेगर घाला, ते बाहेर येत नाही. २०१० साली युरोपने आपली द्राक्षं नाकारली होती, ती आठवण आमच्या भागात अजून ताजी आहे. तेव्हा मालात क्लोरमेक्वाट क्लोराईडचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला होता. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात. ते कीटकनाशकही नाही, वेलीची शेंड्याची वाढ रोखून घड चांगले निघावेत म्हणून वापरायचं संजीवक आहे. वापर झालेला असतो तोडणीच्या कितीतरी आधी, आणि तरी ते वेलीत टिकून मण्यात उतरलं. ते कंटेनर कितीही धुतले असते तरी उपयोग नव्हता. आज निर्यातीच्या बागांची अपेडाकडे, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, नोंदणी असते आणि माल जाण्याआधी प्रयोगशाळेत नमुना तपासला जातो. माझं स्पष्ट मत आहे की हाच नियम नाशिक, पुणे, मुंबईच्या बाजारात जाणाऱ्या मालालाही हवा. आपल्या मुलांची पोटं युरोपातल्या मुलांपेक्षा वेगळी नाहीत.

मग धुवायचं कशासाठी? एक, सालीवरचं जे निघण्यासारखं आहे ते काढण्यासाठी. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या कृषी संशोधन केंद्राने २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तपासलेल्या १२ कीडनाशकांपैकी ९ नुसत्या नळाच्या पाण्याने लक्षणीय कमी झाली. मला त्यातली महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की औषध पाण्यात किती विरघळतं यावर ते अवलंबून नव्हतं. म्हणजे वाहतं पाणी ते विरघळवत नाही, खरवडून नेतं. म्हणून वाहतं पाणी आणि हाताने चोळणं, या दोन्हींना महत्त्व आहे.

दुसरं कारण मला पहिल्यापेक्षा मोठं वाटतं, आणि त्याबद्दल लोक कमी बोलतात. ते म्हणजे जंतू. द्राक्षाचा घड मांडवावर, जमिनीपासून वर लटकत असतो, त्यामुळे कोथिंबीर-मेथीसारखी माती किंवा सांडपाणी त्याला सहसा लागत नाही. पण तोडणीनंतर तो किती हातांतून जातो बघा. तोडणारा, कॅरेटमध्ये भरणारा, गाडीत चढवणारा, आडत्याकडे उचलून बघणारे, मग हातगाडी. गाडीवर धूळ, माश्या, आणि माल ताजा दिसावा म्हणून कुठल्यातरी बादलीतून शिंपडलेलं पाणी. टायफॉईड, कावीळ, जुलाब यांचे जंतू असेच घरात येतात. औषधाच्या अंशाने मूल त्याच रात्री आजारी पडणं दुर्मीळ, घाणेरड्या पाण्याने पडणं अजिबात दुर्मीळ नाही. म्हणूनच धुण्याचं पाणी पिण्याच्या योग्यतेचं हवं. नळाला गढूळ पाणी येत असेल तर शेवटची धुणी गाळून उकळलेल्या किंवा फिल्टरच्या पाण्याची करा.

आता पद्धत. अख्खा घड नळाखाली धरून काही साधत नाही, आतल्या मण्यांपर्यंत पाणी पोचतच नाही. कात्रीने घडाचे चार-चार, पाच-पाच मण्यांचे झुबके करा. मणी ओढून तोडू नका. ओढला की देठाच्या जागी भोक पडतं आणि वरची घाण पाण्याबरोबर आत जाते. झुबके पातेलंभर पाण्यात पाच मिनिटं ठेवा, हाताने हलवा, ते पाणी फेका. पाण्याचा रंग बघितलात की का म्हणतोय ते कळेल. मग चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली अर्धा-एक मिनिट बोटांनी चोळा, आणि स्वच्छ फडक्याने टिपून घ्या. टिपणं लोक सोडून देतात, पण सुटून आलेलं थोडंफार त्या शेवटच्या थेंबांत राहू शकतं.

मिठाने बारीक किडे, मिलीबगची पिल्लं सुटून येतात, त्यामुळे सासूबाईंचं चुकत नाही. फक्त तास लावू नका, दहा मिनिटं पुरतात. तासाभरात मणी मऊ पडायला लागतात. त्याहून चांगला पर्याय हवा असेल तर खायचा सोडा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने २०१७ मध्ये सफरचंदांवर प्रयोग केला होता. लिटरला १० ग्रॅम सोडा घातलेल्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन्ही औषधं पूर्ण निघाली. पण त्यांतल्या एका औषधाचा सुमारे २० टक्के भाग तोवर सालीच्या आत गेला होता, तो तसाच राहिला. हे मी वर म्हटलेल्या गोष्टीचं मोजलेलं उत्तर आहे. घरच्या मापाने लिटरला दोन लहान चमचे सोडा, नंतर साध्या पाण्याने भरपूर धुणं.

भांड्याचा साबण, डिटर्जंट, फिनेल यांतलं काहीही फळाला लावू नका. टाळेबंदीच्या काळात कितीतरी घरांत भाजी साबणाने धुतली गेली, आणि तेव्हा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तसं करू नका असं सांगितलंही होतं. देठाच्या भोकातून साबण आत जातो आणि पोट बिघडवतो.

आणल्याआणल्या सगळी द्राक्षं धुऊन फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय असेल तर ती मोडा. ओलाव्याने बुरशी धरते, आणि मेणाचा थर गेला की मणी लवकर सुकतो. न धुता कागदात ठेवा, खायच्या वेळी लागतील तेवढीच धुवा. निर्यातीच्या पेटीतली द्राक्षं मिळाली तर पेटीत कागदासारखं एक पॅड असतं. त्यातून बुरशी रोखणारा गंधकाचा वायू सुटतो. ते फेकून द्या, पेटी थोडा वेळ उघडी ठेवा आणि मग धुवा. घरात कुणाला दमा असेल तर हे नक्की करा.

तुम्ही विचारलं नाही, तरी मुलगी तीन वर्षांची आहे म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिला अख्खं द्राक्ष देऊ नका. उभे दोन किंवा चार तुकडे करून, समोर बसून भरवा. गोल, गुळगुळीत मणी लहान मुलाच्या घशात बरोबर अडकतो आणि श्वास कोंडतो. औषधाच्या अंशापेक्षा हा धोका कितीतरी जवळचा आहे.

तिला बेदाणे देत असाल तर तेही धुऊनच. तासगाव भागात बेदाणा करताना द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे तो मेणाचा थर सैल होतो आणि पाणी लवकर उडतं. मग शेडमध्ये जाळ्यांवर दोन-तीन आठवडे सुकवतात, आणि पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. शेड उघडी असते, धूळ बसतेच. कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून चोळा, ते पाणी ओतून द्या, आणि रात्री भिजत घालायचे ते दुसऱ्या स्वच्छ पाण्यात घाला. सकाळी ते पाणी तिला प्यायला दिलं तरी चालेल.