मुलीच्या वकिलीत पैसे घालायचे, पण कुठे?

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. मुलगी पाच वर्षांचं लॉ करून, सनद घेऊन गेली चार वर्षं जिल्हा न्यायालयात एका सीनियरांच्या हाताखाली काम करते आहे आणि आता तिला स्वतंत्र वकिली करायची आहे. तुम्ही लवकरच निवृत्त होताय, आणि हाती येणाऱ्या रकमेतून तिला कोर्टाजवळ गाळा, केबिन, भिंतभर कायद्याची पुस्तकं असं ऑफिस थाटून द्यावं असं तुमच्या मनात आहे. ती म्हणते, लॅपटॉप, स्कॅनर आणि एक टेबल पुरे. "टेबलावर कुठे वकिली होते का?" असं तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता हेही विचारलंय, की त्यापेक्षा तिने न्यायाधीशाची परीक्षा द्यावी का.

गाळ्याच्या बाबतीत मुलीचं म्हणणं बरोबर आहे. भिंतभर पुस्तकं पक्षकाराला दिसायला बरी, पण सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता ई-एससीआर या न्यायालयाच्याच संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, आणि पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या ॲपवर केसचा 16 अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की समजते. एका गोष्टीत मात्र काटकसर नको. पक्षकाराशी दार लावून बोलता येईल अशी जागा हवी. घटस्फोटाची किंवा भावाभावांच्या वाटणीची गोष्ट कोणी बार रूमच्या, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीच्या, गर्दीत मोकळेपणाने सांगत नाही. अशी खोली दिवसातून दोन तास मिळाली तरी सुरुवातीला भागतं.

तुमचे पैसे तिच्या घरखर्चासाठी बाजूला ठेवा, निदान वर्ष-दीड वर्ष पुरतील इतके. हातात पैसा नसलेला नवा वकील येईल ती केस घेतो, नको त्या पक्षकाराला होकार देतो आणि पुढे तीच केस त्याला खाते. "नाही, हे काम माझ्याकडे नको," असं म्हणायची ऐपत तिला दिलीत, तर ती गाळ्यापेक्षा जास्त कामी येईल.

लहान वकिली बुडते ती बहुधा युक्तिवाद कच्चा पडल्यामुळे नव्हे. मुदत हुकते, हिशेब राहतो, फोन उचलला जात नाही, म्हणून ती बुडते. चेक बाउन्सचंच घ्या. नव्या वकिलाकडे हे काम हमखास येतं आणि सोपं वाटतं. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली पाहिजे. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला 15 दिवस. त्यात दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करायची. तक्रारीला झालेला उशीर योग्य कारण असेल तर न्यायालय माफ करू शकतं. नोटिशीचा करू शकत नाही. चेकची तीन महिन्यांची मुदत संपली नसेल तर तो पुन्हा बँकेत टाकायचा, एवढीच वाट उरते. म्हणजे पक्षकार रिटर्न मेमो (चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी) घेऊन आला की तिने आधी त्यावरची तारीख बघायची, मेमो हातात कधी पडला ते विचारायचं, आणि तो खुर्चीतून उठायच्या आत शेवटचा दिवस डायरीत लिहायचा. डायरीत आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये, दोन्हीकडे. आठवण शेवटच्या दिवसाची नको, आठवडाभर आधीची हवी. नोटीस पोहोचल्याचं पोस्टाचं ट्रॅकिंगचं पान त्याच दिवशी छापून फाईलला लावायचं, कारण ती नोंद साइटवर फार काळ राहत नाही.

हीच शिस्त कैफियतीला, म्हणजे दाव्याला प्रतिवादीने द्यायच्या लेखी उत्तराला. साध्या दिवाणी दाव्यात 30 दिवस, कारणं देऊन 90 पर्यंत. त्यापुढे न्यायालयाच्या मर्जीवर. व्यापारी दाव्यात 120 दिवसांनंतर हक्कच जातो, तिथे कोणाची मर्जी चालत नाही.

फीबद्दल बोलायला आपल्याकडचे तरुण वकील लाजतात. (म्हातारेही लाजतात, पण त्यांच्याकडे कारकून असतो.) पहिल्याच भेटीत फी सांगावी आणि एका पानावर लिहून द्यावी: नोटिशीचे किती, दावा दाखल करायचे किती, पुराव्याच्या टप्प्याला किती, आणि कोर्ट फी, झेरॉक्स, नकला यांचा खर्च वेगळा. "जिंकलो तर इतके टक्के" हा करार तिने कधीही करू नये. अपघाताच्या दाव्यांत तो सर्रास चालतो, पण बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांनी निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला मनाई आहे. फी थकली म्हणून पक्षकाराची फाईल अडवून ठेवणंही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच ते स्पष्ट केलं आहे. म्हणून टप्प्याची फी टप्प्याच्या आधी घ्यावी. आणि कोर्ट फीसाठी आलेले पैसे पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात. ते पैसे पक्षकाराचे आहेत, तिच्या महिनाअखेरीचे नव्हेत.

सीनियरांकडून निघताना जरा जपून. त्यांचे काही पक्षकार "ताई, आता तुम्हीच बघा" म्हणत मागे येतील. पण जिथे आधीच एका वकिलाचं वकीलपत्र दाखल आहे, तिथे त्यांच्या संमतीशिवाय तिला उभं राहता येत नाही; संमती मिळाली नाही तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. शिवाय एका पक्षाला सल्ला दिला असेल, तर त्याच प्रकरणात दुसऱ्या पक्षाची बाजू घेता येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सगळे सगळ्यांचे नातेवाईक. म्हणून आजवर भेटलेल्या प्रत्येक पक्षकाराचं आणि विरुद्ध पक्षाचं नाव तिने एका साध्या एक्सेल शीटमध्ये ठेवावं आणि नवं काम घेण्याआधी त्यात नाव शोधावं. मिनिटाचं काम आहे.

जाहिरातीचं थोडक्यात. बार कौन्सिलच्या नियम 36 प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. 2008 मध्ये वेबसाइटची मुभा मिळाली, तीही नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र इतक्यापुरती. जिंकलेल्या केसच्या रील्स करणारे मित्र तिलाही तसं करायला सांगतील. ऐकू नये. काम हवं असेल तर गरजूंना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी अर्ज करावा. साधारण तीन वर्षांचा अनुभव लागतो, तो तिच्याकडे आहे. मानधन कमी, पण उलटतपास स्वतः घ्यायला मिळतो, जो ज्युनियरला सीनियरांकडे क्वचितच मिळतो.

लॅपटॉप पुरे म्हणते, तर लॅपटॉपवरच्या जबाबदाऱ्याही तिने घ्याव्यात. पक्षकार आता पुरावा फोनमधूनच आणतात. स्क्रीनशॉटची प्रिंट काढून भागत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग असतात, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा संगणकीय ठसा) लिहावं लागतं. म्हणून चॅट दाखवणाऱ्याला पहिलं वाक्य हेच: फोन विकू नका, बदलू नका, काही डिलीट करू नका. एआयकडून मसुद्याला मदत घ्यायला हरकत नाही, पण त्याने दिलेलं प्रत्येक सायटेशन (जुन्या निकालाचा संदर्भ) मूळ निकाल उघडून वाचल्याशिवाय कागदावर येऊ नये. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल करणाऱ्या वकिलांना 5,000 डॉलर दंड झाला. आणि पक्षकाराचे कागद फुकटच्या ॲपमध्ये टाकणं म्हणजे त्याने विश्वासाने सांगितलेलं बाहेर देणं.

आता परीक्षेचं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, आणि तिची चार वर्षं झाली आहेत. त्यामुळे तो रस्ता मोकळा आहे. पण वकिली जमणार नाही या भीतीपोटी ती परीक्षा देऊ नये. अभ्यास पूर्णवेळ मागतो, आणि नव्या ऑफिसचं पहिलं वर्षही तेच मागतं. दोन्ही एकदम केलं तर दोन्ही अर्धवट राहील. तिला निवाडा लिहायला आवडतो की बाजू मांडायला, हे तुम्ही तिला विचारलंय का? पत्रात त्याबद्दल काही नाही. आधी ते विचारा. वकिली म्हणाली, तर गाळ्याचा बयाणा अजून दिला नसेल तर देऊ नका, आणि तिची डायरी एकदा मागून बघा.