खाडीकाठची खारफुटी आणि तिथले पक्षी वाचवायला किती रोपं लावावीत आणि कोणती?

एकही नको. चिडून नाही म्हणत, दोन वर्षं हेच करून हात पोळलेत म्हणून सांगतेय.

आम्ही पंधरा-वीस जण. 26 जुलैला, म्हणजे युनेस्कोने 2015 मध्ये जाहीर केलेल्या खारफुटी दिनाला, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात कांदळ या खारफुटीच्या झाडाच्या शेंगा खोचायचो, फोटो मस्त यायचे. पहिल्या वर्षीची रोपं चारेक महिन्यांत आडवी, शेवाळ आणि प्लास्टिक गुंडाळून. दुसऱ्या वर्षी दुप्पट लावली, दुप्पट मेली. मग तिथे चिंबोऱ्या पकडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "इथं कधी झाड होतं का गं?" नव्हतंच! जागा इतकी खालची की बराच वेळ पाण्याखालीच, आणि ओहोटीला तुतारी न् चिखल्या हे पक्षी तिथेच चोची खुपसून किडे शोधायचे. म्हणजे ज्यांना वाचवायला निघालो त्यांच्याच ताटात आम्ही काठ्या रोवत होतो. फिलिपिन्समध्ये तर मोठमोठ्या लागवडी अशाच चुकीच्या जागी करून वाया गेल्यात.

खरं दुखणं रस्त्यापलीकडे होतं. भरावाखालचा पाईप गाळाने बुजलेला, त्यामुळे आतलं पाणी उतरायचंच नाही, आणि तिवर या खारफुटीच्या झाडाची ती पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं श्वासासाठी असतात, ती कायम बुडाली की झाड उभ्या उभ्या वाळतं. माझा दादा म्हणे पाईपला हात लावू नका, भरतीचं पाणी आत आलं की डास होतील. अरे, डास साचलेल्या पाण्यात होतात, ये-जा करणाऱ्या पाण्यात मासे येऊन अळ्या खातात! आम्ही पाईप मोकळा केला. पुढच्या दोन पावसाळ्यांत भरतीबरोबर आलेलं तिवराचं बी आपोआप रुजलं, निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारे मासे, परत दिसायला लागल्या. फ्लोरिडाचे खारफुटी-तज्ज्ञ रॉबिन लुईस आयुष्यभर हेच सांगत राहिले की आधी पाणी नीट करा, पण पाईपसोबत फोटो कोण काढणार. दादाचं अजूनही मत आहे की डास वाढले, मोजलेत का विचारलं की विषय बदलतो.

हां, आसपास बी देणारं एकही झाड उरलं नसेल तर लावा, पण जिथे पूर्वी होती तिथेच आणि तीच. आणि पाईप, बांध काहीही उकरण्याआधी परवानगी घ्या, आम्ही घेतली नव्हती आणि ते दादा दर दिवाळीला ऐकवतो.